खळ्यावर शिकलेली मोटार

परवा न्हावऱ्याच्या रस्त्यावर कुणीतरी हरभरा पसरला होता. निम्मा डांबरी रस्ता अडवून, घाट्यांसकट वाळलेली झाडं, आणि कडेला दगडांची ओळ. माझ्या नातीनं गाडी हळू केली आणि माझ्याकडं पाहिलं. तिला गाडी शिकून दोन महिने झालेत. रस्त्यात जे दिसेल ते चुकवायचं, एवढंच शिकवणाऱ्या बाईंनी तिला शिकवलंय. मी म्हटलं, "जा वरून. त्यासाठीच घातलाय." बांधावर उकिडवा बसलेला शेतकरीही हातानं तेच सांगत होता. चाकं वर चढली आणि खालून आवाज आला, चुर्र चुर्र चुर्र. मी काच खाली घेतली. वाळल्या पाल्याचा तो नाकात हुळहुळणारा वास आत आला, आणि गाडीनं तो पसारा ओलांडेपर्यंत मी सतरा वर्षांची होऊन परत आले. नातीला वाटलं, आजीला शिंक येतेय.

सुगीत माझं दरवर्षी असं होतं. माझ्या सांगण्यात भर असते, असंही घरातले दरवर्षी म्हणतात. असते. भाकरी थापताना पीठ लावावंच लागतं, नाहीतर ती परातीला चिकटून बसते. खाणाऱ्यानं पीठ झटकावं आणि भाकरी खावी.

आमच्या मळ्यात मोटार आली तेव्हा शेर-पायली जाऊन किलो यायला लागला होता आणि दोन्हींपैकी एकही कुणाला नीट जमत नव्हतं. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, नगरच्या एका म्हाताऱ्या वकिलाकडून ती आणली. काळी, कापडी हुडाची, दोन्ही अंगांना पाय ठेवायच्या फळ्या, आणि पुढं डोळे वटारलेले दोन दिवे. वकिलानं ती वीस वर्षं वापरली होती. त्याच्या आधी ती कुणाची होती हे सांगायला कुणी जिवंत नव्हतं. हॉर्न म्हणजे रबरी फुगा. दाबला की रेडकू हंबरावं तसा आवाज. आप्पांनी तो पहिल्यांदा वाजवला त्या दिवशी आमच्या तीन म्हशींनी अवेळी पान्हा सोडला, आणि तिकडं कोरेगाव भीमाला एका ट्रकनं बाजू दिली असं मागाहून कानावर आलं. मोटारीचं नाव पडलं काळी. आईनं तिच्या दिव्यांना हळदीकुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि ही दूध देत नाही हे माहीत असूनसुद्धा मागच्या बाजूला एकदा वाकून बघितलं.

मोटार कशाला, असं गावानं विचारलं तेव्हा आप्पांनी सांगितलं, मळणीला. आठ बैलांचं काम एकटी करील आणि पेंड मागायची नाही. हे कारण ऐकायला चांगलं होतं. खरं कारण दौंडला राहत होतं.

आईला माहेर म्हणून एकच माणूस उरला होता, तिचा धाकटा भाऊ नामदेव. हा आमचा मामा दौंड स्टेशनात फाटकावर नोकरीला. गाडीतून उतरलेल्या माणसानं आपलं तिकीट त्याच्या हातात द्यायचं आणि बाहेर पडायचं. काळी यायच्या सहा वर्षं आधी आप्पा पुण्याहून आगगाडीनं दौंडला उतरले. फाटकावर मामा, आणि मामाच्या शेजारी त्याचा नवा साहेब. मामा म्हणाला, दाजी, तिकीट. तिकीट होतं. आप्पांच्या पटक्याच्या घडीत नीट खोचलेलं होतं. पण ज्याच्या लग्नात आपण पुढं होऊन वऱ्हाड सांभाळलं, त्या मेव्हण्यानं चारचौघांत आपल्यापुढं हात पसरावा? आप्पा म्हणाले, माझ्या तोंडाकडं बघ आन् सोड. मामानं साहेबाच्या तोंडाकडं बघितलं आणि आप्पांना बाजूला उभं केलं. गाडी निघून गेली, फलाट रिकामा झाला, तरी पटक्यातलं तिकीट काही बाहेर आलं नाही. शेवटी आप्पा मागं फिरले, फलाटाच्या टोकाला रुळांवर उतरले आणि शेतांतून, नदीतून, ओढ्यांतून चालत मळ्यावर आले. ते म्हणायचे वाटेत पाणीसुद्धा प्यालो नाही. भीमा छातीएवढी होती, थोडं गेलंच असणार.

घरी येऊन त्यांनी शपथ घेतली. दौंडला जाईन तर इंजिन माझं असंल आन् हाकणारा मी असंन.

आईनं आपलीही एक शपथ मनातल्या मनात घेतली, आणि ती जास्त अवघड होती. हे बरोबर असल्याशिवाय भावाच्या दारात एकटी जायची नाही. दोन हट्टांच्या मधे एक मामा अडकून पडला. सहा भाऊबिजा आईनं चंद्राला ओवाळलं. भाऊ आला नाही तर बायका असं करतात. मीही तिच्या मागं निरांजन धरून उभी राहायची. चंद्र कधी वेळेवर आला नाही असं झालं नाही, पण त्याला जेवायला वाढता येत नाही, असं ती एकदा म्हणाली होती.

शिकवायला शिरूरचे कासमभाई आले. त्यांचे पणजोबा घोडनदीच्या छावणीत घोड्यांना नाल ठोकायचे, आजोबा टांगा हाकायचे, आणि कासमभाईंनी लॉरी हाकून हाकून इतकी वर्षं काढली होती की बसल्या जागीसुद्धा त्यांचा डावा पाय मधूनच क्लच दाबायचा. आप्पांनी त्यांना एकच अट घातली. दाणा न मळता पेट्रोल जाळायचं नाही. शिकणं आणि मळणी एकाच वेळी. म्हणून आमची मोटारीची शाळा भरली ती खळ्यावर.

ज्यांनी खळं बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जमीन चोपून, शेणानं सारवून गोल अंगण करायचं, मधोमध एक खांब रोवायचा, तो तिवडा. भोवती ज्वारीची कणसं पसरायची आणि तिवड्याला बांधलेली बैलांची पात त्यांवरून दिवसभर गोल फिरवायची. आमच्या खळ्यावर बैल तिवडा डाव्या हाताला ठेवून फिरायचे. आजोबांच्या काळापासून, त्यांच्या आजोबांच्या काळापासून. उलटं फिरवलं तर रास बसते, दाणा भरत नाही, असं आप्पा मानायचे. रास कधी बसलेली कुणी बघितली नव्हती, कारण उलटं कधी कुणी फिरवलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी आप्पांनी काळीला कासऱ्यानं तिवड्याला बांधलं. कासमभाईंनी सांगून पाहिलं, पण न बांधता फिरणारं जनावर आप्पांच्या कल्पनेत बसत नव्हतं. पायाखालची पट्टी दाबली, काळी उधळली आणि तिवडा मुळासकट उपटून विहिरीकडं घेऊन गेली. विहिरीच्या काठावर ती आपली आपण थांबली. पाणी प्यायला थांबली असं आमच्या गड्यानं गावात सांगितलं. मी तेव्हापासून थोडं बदलून सांगते, प्याली आणि मग थांबली.

दुसऱ्या दिवशी तिवडा परत रोवला, दोर सुटला, पण भूस उडून इंजिनाच्या जाळीत जायला लागलं. आप्पांनी बैलाचं मोठं मुसकं काढलं आणि काळीच्या तोंडाला बांधलं. मुसकं घातलेली मोटार बघायला माणसं लांबलांबून आली. थांबवायची वेळ आली की आप्पा तिला "हो... हो... हो" म्हणायचे. कासमभाई शेजारून म्हणायचे, "आप्पा, तिला कान न्हाईत. तोंडानं नगा सांगू, पायानं सांगा." मग आप्पा दोन्हीनं सांगायचे. त्यांचा पाय ब्रेकवर जायच्या आधी त्यांचं तोंड "हो" म्हणायचं, आणि ही सवय त्यांची शेवटपर्यंत गेली नाही.

पंधरवड्यात आप्पा तरबेज झाले. गिअर, क्लच, ब्रेक, हँडल मारून इंजिन सुरू करणं, सगळं. फक्त एक होतं. सकाळी चाक डावीकडं वळवून धरायचं ते संध्याकाळीच सोडायचं, अशी ती शाळा. त्यामुळं माणूस शिकला तो डावीकडंच वळायला शिकला. सरळ रस्ता लागला की त्यांना कसंतरी व्हायचं, कुणीतरी तिवडा पळवल्यासारखं. उजवीकडं वळायचं आलं तर ते तीनदा डावीकडं वळायचे. न्हावऱ्याच्या बाजाराला जाताना एक उजवं वळण होतं. त्याच्यासाठी ते दोन शेतं, एक ओढा आणि एका घराचं परसू ओलांडून जायचे. त्या परसवातली म्हातारी पुढं पुढं बाजाराच्या दिवशी चहाचं आधण ठेवूनच बसायची.

हसतो आपण. मीही हसत आले. पण आता वाटतं, त्यांचंच कशाला? ज्याला जे पहिल्यांदा ज्या खांबाभोवती शिकवलं, तो त्याच अंगानं वळत राहतो. कुणी रागाभोवती, कुणी भीतीभोवती. फेरे पुष्कळ होतात, दाणाही निघतो. वाट तेवढी सरत नाही.

मी शिकले ते शेजारी बसून. मधूनच उतरून कणसं हलवायला, चाकाखाली ढकलायला कुणीतरी लागायचं, त्यासाठी मला गाडीत घेतलं होतं. कासमभाईंच्या लक्षात आलं की आप्पा क्लच दाबायला विसरले की माझा पाय रिकाम्या फळीवर दाबला जातो. ते आप्पांना म्हणाले, पोरीचे पाय शहाणे हायत. आप्पांना दुपारी जेवून अर्धा तास लवंडायची सवय. त्या अर्ध्या तासात खळं थांबू नये म्हणून त्यांनी मला बसवलं. थोरपणाच्या वगैरे काही गोष्टी त्यात नव्हत्या, ऊन वाया जात होतं एवढंच. गावात बोलणं झालं. सतरा वर्षांची पोर मोटार हाकते, हिला पोरगा कोण देणार? आई म्हणाली, ज्याला बैलगाडी हाकता येत न्हाई त्यो दील.

तिवड्याभोवती फिरताना मला एक मजा वाटायची. आपण हलतोय असं वाटायचंच नाही. तिवडा जागेवर, मी जागेवर, आणि मळा, विहीर, आंबा, गोठा, आई, हे सगळं आपलं माझ्याभोवती हळूहळू फिरतंय. खालून कणसं चुरचुरायची. तोंडावर भूस बसायचं, ओठांना ज्वारीची गोडसर चव यायची, आणि कणसांची बारीक कूस मानेला लागून अशी खाज सुटायची की एक हात कायम मानेवर. आजही गाडी चालवताना माझा हात मानेकडं जातो.

एकदा आप्पा पेट्रोलचा डबा आणायला बैलगाडीनं शिरूरला गेले. दुपार होती, आई भाकऱ्या करत होती. कासमभाई कडब्याच्या गंजीला टेकून बिडी ओढत होते. ते म्हणाले, "पोरी, डावं तर बैलालाबी येतं. जगात निम्मी वळणं उजवी असत्यात." एवढं बोलून त्यांनी तोंड दुसरीकडं केलं, म्हणजे बघितलं असं त्यांना म्हणायला नको.

मी काळीला खळ्याच्या कडेला नेलं, तोंड फिरवलं आणि चाक उजवीकडं वळवलं. अंगावर काटा आला. सगळं उलटं फिरायला लागलं, आधी गोठा, मग आंबा, मग विहीर. तिवडा उजव्या हाताला आला. जन्मल्यापासून ज्या खळ्यावर खेळले त्याच्या तिवड्याला एक मोठी गाठ होती, डोळ्यासारखी. तिच्याकडं माझं लक्ष त्या दिवशी पहिल्यांदा गेलं. सात फेरे घातले. मग उतरून पायांनी कणसं सारखी केली, आणि रास होईपर्यंत आठवडाभर जीव मुठीत धरून बसले. रास बसली तर ती माझ्यामुळं.

रास झाली आणि दोनच दिवसांनी पत्र आलं. मामाची बदली नागपूरच्याही पलीकडं झाली होती. मंगळवारी सकाळच्या गाडीनं बिऱ्हाड हलणार होतं. पत्रात बाकी काही नव्हतं, या असंसुद्धा नव्हतं. मी वाचून दाखवलं तो रविवार होता. आईनं पत्राची घडी केली, उतरंडीतल्या मधल्या मडक्याखाली ठेवली आणि चूल सारवायला घेतली. कालच सारवली होती. तेव्हा मला कळलं की नागपूरच्या पलीकडं हे अंतर तिनं मनात मोजलंय, आणि आता चंद्रसुद्धा पुरायचा नाही.

आप्पा पत्र ऐकून गोठ्यात गेले. संध्याकाळपर्यंत गोठ्यातच होते. सोमवारी उजाडताच बघते तर त्यांनी काळी धुतली होती आणि तिच्या तोंडाचं मुसकं काढून खुंटीला टांगलं होतं. कासमभाई म्हणाले, मी घेऊन जातो, रस्ता लांबचा हाय. आप्पांनी मान हलवली. हाकणारा मी असंन, हे शब्द त्यांनी सहा वर्षं सांभाळले होते. आईनं नव्या राशीची ज्वारी एका धडप्यात बांधली, मागच्या बाकावर आप्पांच्या पाठीमागं बसली, आणि मी पुढं, नेहमीच्या जागी.

आता दैवाची गंमत बघा. आमच्या मळ्यातून निघून दौंडला जायला जेवढी वळणं होती तेवढी सगळी डावी. मळ्यातून रस्त्याला लागताना डावं, नदीकडं उतरताना डावं, नदी ओलांडून दौंडच्या रस्त्याला डावं. जणू त्या काळी रस्ते करणाऱ्यांनी आप्पांना विचारून केले होते. आप्पांची मान ताठ झाली. परत येताना हीच वळणं उजवी होतात हे गणित त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, का आलं होतं आणि त्यांनी ते उद्यावर टाकलं होतं, मला सांगता येत नाही.

वडगाव रासाईच्या खाली भीमेला उतार होता, पाण्यातून पलीकडं जायची जागा. तिथं बिरा धनगर भेटला. त्याच्या बापानं मेंढरं हिंडवली, त्यानं नदीकाठी जमीन धरली, पण नदीत कुठं टाच टेकते हे ज्ञान मेंढरांच्या वेळचंच. तो काठी रोवत पुढं चालला आणि काळी त्याच्या मागं, शहाण्या मेंढीसारखी. पाणी फळीला लागलं तशी आईनं ज्वारीचं बोचकं डोक्यावर घेतलं, गाडीत बसल्या बसल्या. मधेच इंजिनाला ठसका लागला. आप्पा तिला "चल, माझी बाय" म्हणाले, आणि ती आली. पलीकडच्या काठाला बिरानं धोतर पिळलं, काळीकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं. त्याला आप्पांचं डावं-उजवं माहीत होतं, तालुक्याला माहीत होतं. त्यानं एवढंच विचारलं, "आन् येताना?"

आप्पांनी हॉर्न दाबला.

रेल्वेच्या चाळीपुढं एक मोठं मैदान आणि मैदानात लिंबाचं झाड. झाडाच्या समोरच मामाची खोली. ओट्यावर दोरीनं बांधलेल्या ट्रंका, गुंडाळलेल्या गाद्या, पालथी घातलेली घागर. आप्पा मैदानात शिरले, आणि थांबायचं सोडून त्यांनी लिंबाला डावीकडं घेऊन एक फेरा मारला. मग दुसरा.

ब्रेक त्यांना सापडला नाही असं मी लग्नानंतर सासरी सांगायची. ते पीठ. ब्रेक त्यांच्या पायाखालीच होता. थांबलं असतं तर उतरावं लागलं असतं, उतरलं असतं तर बोलावं लागलं असतं. आणि निघून जायचं तर मागं बायको बसली होती. फिरत राहणं तेवढं त्यांना येत होतं.

आवाज ऐकून मामा बाहेर आला, गणवेशाचा डगला अर्धवट घातलेला. दुसऱ्या फेऱ्याला गाडी ओट्याजवळून गेली तेव्हा आई म्हणाली, "नामा, वाळलास."

मामानं तोंड उघडेपर्यंत आम्ही झाडामागं. पुढच्या फेऱ्याला तो म्हणाला, "आक्का, तुझं केस..." आणि गाडी पुढं गेली. केस पांढरे झाले असं त्याला म्हणायचं होतं. त्याच्या पुढच्या फेऱ्यापर्यंत ते बोलणं शिळं झालं, म्हणून त्यानं दुसरं विचारलं, गुडघा दुखतो का अजून. एका फेऱ्याला सवाल, पुढच्या फेऱ्याला जवाब, अशी ती सहा वर्षांची भेट चालली. पोरं कितवीत. ती चौथीत, हा अजून जात न्हाई. मामी दोन्ही पोरांना घेऊन ओट्यावर आली. धाकटा आईनं बघितलाच नव्हता. मामीनं एका फेऱ्याला त्याचं तोंड पुढं केलं, आणि दुसऱ्या फेऱ्याला आईनं त्याच्या गालाला बोट लावलं, चालत्या गाडीतून. चाळीतली माणसं जमली. कुणी हसलं नाही. मी मागं वळून बघितलं तेव्हा मला दिसलं, आई झाडामागच्या अर्ध्या फेऱ्यात पदरानं डोळे पुसत होती आणि ओट्यासमोरच्या अर्ध्या फेऱ्यात बोलत होती. भावाला तिचा चेहरा प्रत्येक वेळी कोरडाच दिसला.

कितवा फेरा होता ते सांगायला गेले तर माझ्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही. आप्पांनी एका हातानं चाक धरलं आणि दुसरा हात पटक्याला घातला. घडीतून एक पुठ्ठ्याचा तुकडा निघाला, पिवळा पडलेला, कोपरे झिजलेला. सहा वर्षांत तीन पटके विरून गेले होते. प्रत्येक वेळी ते तिकीट जुन्यातून नव्यात जायचं, आणि घालायची आई, पटका धुऊन वाळला की. दोघांनी त्यावर कधी एक शब्द काढला नव्हता.

ओटा आला. आप्पांनी समोरच बघत हात बाहेर काढला. मामानं तिकीट घेतलं.

आम्ही झाडाला वळसा घालून परत आलो तेव्हा मामाच्या डगल्याची सगळी बटणं लागलेली होती आणि डोक्यावर टोपी होती. तो ओट्याच्या पायरीवर उभा राहिला, फाटकात उभा राहायचा तसा. म्हणाला, "तिकीट बरूबर हाय, दाजी. आता बाहेर या."

"हो," आप्पा काळीला म्हणाले. "हो... हो."

जेवणाचं काय सांगू? भांडी बांधलेली होती. शेजाऱ्यांची परात आणली, आईनं आणलेली नवी ज्वारी शेजारच्याच जात्यावर भरडली आणि मामीनं त्याच्या कण्या शिजवल्या. आप्पा आणि मामा एका ताटात जेवले आणि पूर्ण जेवणात आगगाडीच्या इंजिनाला पाणी किती लागतं एवढ्याच विषयावर बोलले. माफी वगैरे कुणी मागितली नाही. आमच्याकडं पुरुष माफी मागत नाहीत, पाण्याचा तांब्या पुढं सरकवतात. आप्पांनी दोनदा सरकवला.

उन्हं उतरायच्या आत निघालो. आई दोन पावलं मागं जाऊन परत भावाच्या तोंडावरून हात फिरवून आली, मग बसली. आप्पांनी लिंबाला एक शेवटचा वळसा घातला आणि चाळीच्या तोंडाशी येऊन थांबले. तिथून घराचा रस्ता उजवीकडं होता. डावीकडं रूळ. तीनदा डावं वळायचं तर आगगाडी वळवावी लागली असती.

आप्पा चाकावर हात ठेवून बसले. इंजिन धडधडत होतं. मग म्हणाले, "सुमे, तू घे."

मी म्हटलं, मला उजवं येत नाही. ते जन्मातलं माझं सगळ्यात साधं खोटं, त्यात चिमूटभरसुद्धा पीठ नव्हतं.

"येतं," आप्पा म्हणाले. "त्या दिशी खळ्यावर कणसं उलटी निजली व्हती. मला दिसत न्हाई व्हय?"

मी मान खाली घातली. ते उतरले, काळीच्या दिव्यावर हात टेकत पुढून फिरून माझ्या बाजूला आले, आणि मी सरकून त्यांच्या जागी बसले. दार लावून घेत ते म्हणाले, "रास कमी भरली न्हाई, बघ. म्या दोनदा मापली."

मी चाक उजवीकडं वळवलं. मागून आई म्हणाली, हळू गं. दौंड मागं पडलं. आप्पा आपल्याच मोटारीत पहिल्यांदा शेजारी बसले होते, हातांना काम नव्हतं, ते मांडीवर ठेवून पाहुण्यासारखे दोन्ही बाजूंची शेतं बघत होते. सकाळी ह्याच रस्त्यानं आलो होतो, पण तेव्हा त्यांनी समोरच्या धुळीशिवाय काही बघितलं नव्हतं. उतार जवळ आला. काठावर काठी घेऊन बिरा धनगर आमची वाट बघत बसलेला लांबूनच दिसला.

"ज्वारी बरी हाय हिकडली," आप्पा म्हणाले.